चातुर्मासात काय सोडाल?

आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी झाली की आमच्या जळकोटात कांदा, लसूण, वांगी सुटतात. नेम चांगलाच, पण तंबाखूची पुडी अन् चुन्याची डबी खिशातच राहते! बायकांच्या मिश्रीचेही तेच. यंदा कार्तिकी एकादशीपर्यंत हीच सोडून पाहा. पहिले तीन-चार दिवस तलफ फार छळते, चिडचिड होते, झोप लागत नाही. तीन-चार आठवड्यांत हा त्रास बराच ओसरतो. तलफ आली की पाणी प्यावे, बडीशेप चघळावी; पाच-दहा मिनिटांत ती जाते. तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची गोळी वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी विचारल्याशिवाय उपास धरू नये. निरंकार राहिल्यास साखर एकदम उतरू शकते, आणि साबुदाण्याच्या खिचडीने चढतेही.