‘माफी’ म्हणजे ‘नाही’! आखातात कामाला जाण्याआधी



मागच्या मीटिंगमध्ये हप्ते जमा झाल्यावर एका ताईने हळूच विचारलं, “कुवेतला घरकामाला पैसे बरे मिळतात म्हणे. पण तिकडची भाषा कशी यायची?”

भाषा कानानेही शिकता येते. आपल्या डहाणू-तलासरीचे भाऊ वेरावळ, पोरबंदर, ओख्याला बोटीवर खलाशी म्हणून जातात. जाताना वारली बोलतात, दोन-तीन हंगामांत गुजराती बोलायला लागतात. त्यांना कुठे कोणी पुस्तक दिलं होतं?

आखातातही तसंच होतं. भारत, बांगलादेश, नेपाळ, फिलिपाईन्सची माणसं एकत्र काम करतात, म्हणून तिथे एक सोपी, मोडकीतोडकी अरबी तयार झाली आहे. तिच्यात दोन शब्द सगळीकडे चालतात: ‘फी’ म्हणजे आहे, ‘माफी’ म्हणजे नाही. ‘माफी मुश्किला’ म्हणजे काही अडचण नाही. कोणी माफी मागतंय असं समजू नका!

आणि थोडी अरबी तुम्हाला आधीच येते. आपलं बचत गटाचं रजिस्टर उघडा. हिशेब, बाकी, तारीख, हक्क हे सगळे शब्द मुळात अरबीच, आणि तिथेही अर्थ जवळपास तोच. पण ‘करार’ला फसू नका. अरबीत करार म्हणजे निर्णय. कामाच्या कराराला ‘अक्द’ म्हणतात.

आता महत्त्वाचं. कानाने आधी शिकले जातात ते हुकूम. बाईला म्हणतात ‘तआली’ (ये), ‘जीबी’ (आण), ‘रूही’ (जा). हे शब्द आठवड्यात येतात, कारण मालकीण दिवसभर तेच बोलते. पण आपल्याला जे मागायचंय त्याचे शब्द ती शिकवणार नाही. ते इथूनच पाठ करून जायचे:

• रातिब किंवा मआश – पगार
• इजाझा – सुट्टी
• जवाझ – पासपोर्ट
• अना मरीदा – मी आजारी आहे
• मुस्तश्फा – दवाखाना
• सफारा – आपली वकिलात

‘माफी रातिब’ एवढे दोन शब्द आले, तरी पगार मिळाला नाही हे सांगता येतं.

भाषेसोबत कागदही पक्के हवेत. दहावी न झालेल्या बाईला आखातात घरकामाला जायला वय ३० पूर्ण लागतं. एजंट सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ यादीत आहे का ते बघा. “आधी व्हिजिट व्हिसावर चल, मग बघू,” म्हणाला तर सरळ नाही म्हणा. पासपोर्ट भारत सरकारचा असतो, तो मालकाने ठेवून घ्यायचा नसतो. त्याची आणि कराराची झेरॉक्स घरी ठेवून जा.

जायचं की नाही, हे तुम्ही आणि तुमच्या घरच्यांनी ठरवायचं. पण सही करण्याआधी तो कागद गटात आणा. आपण सगळ्या बसून वाचू.