मूत्रपिंडरोपणानंतरचे मातृत्व

अमेरिकेतील बोस्टन शहरात मे १९५६ मध्ये ईडिथ हेल्म या तरुणीवर मूत्रपिंडरोपणाची शस्त्रक्रिया झाली. मूत्रपिंड दिले होते तिच्या जुळ्या बहिणीने. मार्च १९५८ मध्ये ईडिथने एका मुलाला जन्म दिला आणि दुसऱ्याचे मूत्रपिंड धारण करणारी स्त्री माता होऊ शकते, हे सिद्ध झाले. बहिणी एकरूप जुळ्या असल्याने तिच्या शरीराने ते मूत्रपिंड परके मानले नाही. इतर रुग्णांना मात्र परके मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून आयुष्यभर औषधे घ्यावी लागतात. मातृत्वाचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो.

मूत्रपिंडे निकामी झाली म्हणजे संप्रेरकांचा तोल ढळतो. मासिक पाळी अनियमित होते, पुष्कळदा बंदच पडते. नवे मूत्रपिंड काम करू लागले की हे चक्र बहुधा काही महिन्यांतच पूर्ववत सुरू होते आणि पहिली पाळी येण्यापूर्वीही गर्भ राहू शकतो. ‘इतकी वर्षे पाळी नव्हती, आता काळजी कसली?’ हा घरोघरीचा समज म्हणूनच घातक होय. रोपणानंतर किमान एक वर्ष गर्भधारणा टाळावी, असे तज्ज्ञ सांगतात. कित्येक डॉक्टर दोन वर्षे थांबवितात. यास्तव संततिनियमनाचा सल्ला रुग्णालयातून घरी परतण्यापूर्वीच घेतलेला बरा. सासरच्या मंडळींनाही या वेळी सोबत बसवावे, कारण ‘पाळणा केव्हा हलणार?’ ही विचारणा बहुधा तिकडूनच होते.

रोपणानंतर सर्रास दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी मायकोफेनोलेट हे गर्भास अपायकारक आहे. त्याने गर्भपात होण्याचा आणि बाळाचे कान, ओठ वा टाळू यांत जन्मजात व्यंग राहण्याचा धोका वाढतो. ते गर्भधारणेपूर्वी किमान सहा आठवडे बंद करून त्याऐवजी बहुधा अझाथायोप्रिन देतात. टॅक्रोलिमस व प्रेडनिसोलोन मात्र चालू राहतात. हा बदल डॉक्टरांनीच करावयाचा असतो. दिवस गेल्याचे कळताच बाळाच्या मायेपोटी सर्वच गोळ्या परस्पर बंद करणे म्हणजे मूत्रपिंड गमावण्याची वाट धरणे. त्यात बाळही धोक्यात येते.

रक्तातील क्रिएटिनिन साधारणतः १.५ मिलिग्रॅमच्या आत, लघवीतून जाणारी प्रथिने अल्प, रक्तदाब आटोक्यात आणि गेल्या वर्षभरात मूत्रपिंड नाकारले जाण्याचा प्रसंग नाही, अशी प्रकृती असेल तर डॉक्टर सहसा अनुमती देतात. तरीही जोखीम उरतेच. रक्तदाब वाढतो, गर्भविषबाधेची शक्यता इतर गर्भवतींहून बरीच अधिक असते, आणि पुष्कळ बालके ३७ आठवड्यांपूर्वी, कमी वजनाची जन्मतात. गरोदरपणात टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण घटत असल्याने त्याची तपासणी वरचेवर करावी लागते.

नवे मूत्रपिंड ओटीपोटात एका बाजूस बसविलेले असते. ते बाळाच्या वाटेत सहसा येत नाही. तेव्हा केवळ रोपण झाले म्हणून सिझेरियन करण्याचे कारण नाही. प्रसूती मात्र मूत्रपिंडतज्ज्ञ आणि नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच व्हावी. गावच्या आरोग्य केंद्रात नाव नोंदविताना रोपणाचे सर्व कागद पहिल्याच भेटीत दाखवावेत.