ग्रामपंचायतीचा उमेदवारी अर्ज नेमके काय विचारतो?

ग्रामपंचायत निवडणुकीचा उमेदवारी अर्ज, ज्याला कायद्याच्या भाषेत नामनिर्देशनपत्र म्हणतात, तो दाखल करण्याची मुदत मोजक्या दिवसांची असल्यामुळे ही सारी प्रक्रिया त्या दिवसांतील धावपळीची बाब आहे, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या अर्जाला जोडला जाणारा जवळपास प्रत्येक कागद हा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील एखाद्या अटीला दिलेले उत्तर असतो, आणि ती अट बहुधा अर्जाच्या तारखेच्या कितीतरी आधीच पाळली किंवा मोडली गेलेली असते.

73व्या घटनादुरुस्तीने, जी 24 एप्रिल 1993 रोजी अमलात आली, पंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग या स्वतंत्र यंत्रणेकडे सोपवल्या आणि उमेदवारासाठी किमान वय 21 वर्षे ठरवले. उमेदवाराचे नाव त्याच गावाच्या मतदार यादीत असावे लागते. मात्र तो ज्या प्रभागाचा मतदार आहे तेथूनच त्याने उभे राहावे, असे बंधन नाही. 1 जानेवारी 1995 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने किमान सातवी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे. अनामत रक्कम सर्वसाधारण उमेदवारासाठी 500 रुपये आणि मागास प्रवर्गातील उमेदवारासाठी 100 रुपये इतकीच असल्यामुळे या निवडणुकीतील खरा अडसर पैशाचा नसून पात्रतेचा असतो.

हा अडसर मुख्यतः अधिनियमाच्या कलम 14 मध्ये, म्हणजे अनर्हतेच्या (निवडून येण्यास वा सदस्य राहण्यास अपात्र ठरण्याच्या) तरतुदींत सापडतो. घरपट्टी किंवा पाणीपट्टीच्या मागणीचे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यांत न भरल्यास अपात्रता येते, म्हणून थकबाकी नसल्याचा दाखला महत्त्वाचा ठरतो. शासकीय जमिनीवर वा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारी व्यक्तीही अपात्र असते, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मूळ अतिक्रमण करणाऱ्यापुरता मर्यादित न ठेवता त्या जागेचा उपभोग घेत राहणाऱ्या कुटुंबीयांपर्यंत लागू केला. शौचालय वापराचा दाखला याच मालिकेतला आहे. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मामुळे हयात अपत्यांची संख्या दोनहून अधिक झाल्यास उमेदवारी टिकत नाही. मात्र एका अपत्यानंतरच्या एकाच बाळंतपणात जुळी मुले झाल्यास कायदा त्यांना एकच घटक मानतो.

राखीव जागेवरील उमेदवाराला जातीच्या दाखल्याबरोबरच जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे पडताळणी समितीने तपासून दिलेले प्रमाणपत्र, जोडावे लागते. ते हाती नसल्यास समितीकडे केलेल्या अर्जाची पोच आणि ठरावीक मुदतीत प्रमाणपत्र सादर करण्याचे हमीपत्र देऊन लढण्याची सवलत वेळोवेळी देण्यात आली आहे. तथापि ती मुदत चुकल्यास निवड पूर्वलक्षी प्रभावाने, म्हणजे मुळापासूनच, रद्द होते.

अर्जाच्या मुदतीला अपवाद क्वचितच होतो. 15 जानेवारी 2021 रोजी मतदान झालेल्या 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुकीत संगणक प्रणाली अडखळू लागल्यानंतर आयोगाला शेवटच्या दिवशी, 30 डिसेंबर 2020 रोजी, कागदी अर्ज स्वीकारण्याची मुभा देऊन वेळ सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवावी लागली होती. त्यापुढील टप्पा छाननीचा असतो, ज्यात निवडणूक निर्णय अधिकारी अर्ज व त्यावरील हरकती तपासतो. किरकोळ तांत्रिक त्रुटीसाठी अर्ज फेटाळू नये असे तत्त्व असले, तरी पात्रतेतील उणीव या सदरात मोडत नाही. माघारीची मुदत संपल्यावर चिन्हवाटप होते, आणि ही निवडणूक पक्षांच्या अधिकृत चिन्हांवर लढवली जात नसल्यामुळे गावोगावी पॅनेलच्या नावाने उतरलेल्या उमेदवारांनाही आयोगाच्या मुक्त चिन्हांतूनच निवड करावी लागते.

छाननीत अर्ज वैध ठरला म्हणजे प्रश्न कायमचा मिटला, असेही नाही. निकालानंतर 15 दिवसांच्या आत कलम 15 खाली निवडीला न्यायाधीशांपुढे आव्हान देता येते, तर सदस्य अपात्र आहे की नाही, या वादाचा निर्णय कलम 16 खाली जिल्हाधिकारी देतात; त्यामुळे अर्जातून निसटलेले अतिक्रमण किंवा लपवलेले अपत्य सदस्याच्या कार्यकाळातही पुढे येऊ शकते. शिवाय निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून 30 दिवसांत सादर करण्याचे बंधन विजयी उमेदवाराप्रमाणेच पराभूतावरही असते, आणि त्यात कसूर करणाऱ्यास आयोग पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवू शकतो.

या अटींपैकी काहींच्या न्याय्यतेविषयी, विशेषतः शिक्षण आणि अपत्यसंख्या यांच्याविषयी, मतभेद असू शकतात; परंतु त्या लागू आहेत तोवर निवडणूक लढवू इच्छिणाऱ्याने कार्यक्रम जाहीर होण्याची वाट न पाहता मतदार यादीतील नाव, घरपट्टीची पावती, घराखालच्या जागेचा उतारा आणि पडताळणी समितीकडील प्रकरण यांची खातरजमा आधीच करून घेणे हितावह आहे, कारण या चारांपैकी एकही गोष्ट अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुरुस्त होईलच याची शाश्वती नसते.