पाटीच्या गावची झुकझुक

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना एक प्रश्न विचारा. "तुम्ही पहिलं अक्षर कशावर गिरवलंत?" बहुतेक उत्तर येईल, "पाटीवर!" काळी, गारगार, लाकडी चौकटीतली दगडी पाटी. हातातून निसटली की तिचे दोन तुकडे, आणि मग घरी बोलणी!

हा पाटीचा दगड मोठा गमतीचा असतो. त्याच्या कडेला छिन्नी लावून हलकेच ठोकलं, की वहीची पानं सुटावीत तसे त्याचे पातळ थर सुटत जातात. ब्रिटनच्या पश्चिम भागात वेल्स नावाचा डोंगराळ, पावसाळी देश आहे. तिथे या दगडाच्या मोठमोठ्या खाणी होत्या. आपण छपरावर कौलं घालतो ना, तसे तिथले लोक या दगडाचे पातळ तुकडे घालत. म्हणजे घराला पाट्यांचं छप्पर!

पण डोंगरातला एवढा जड दगड खाली आणायचा कसा? त्यासाठी १८६५ साली एक चिमुकली रेल्वे बांधली गेली. ब्रिन एग्लुइस नावाच्या खाणीकडून समुद्रकाठच्या टवीन गावाकडे येणारी. तिचं नाव टालिलिन रेल्वे. तिच्यासाठी दोन छोटी इंजिनं आली. १८६४ साली बांधलेलं 'टालिलिन' आणि १८६६ साली बांधलेलं 'डोलगॉख'. आता ऐका नवल. ही दोन्ही इंजिनं त्याच रुळांवर आपल्या काळातही धावली आहेत!

चिमुकली रेल्वे म्हणजे किती चिमुकली? एक मोजपट्टी आणि थोडा दोरा घ्या. दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. आपल्या मुंबई-पुण्याच्या गाडीचं गेज १६७६ मिलिमीटर. तेवढा दोरा जमिनीवर ताणा आणि त्याच्याशेजारी आडवे व्हा. दोरा तुमच्यापेक्षा लांब भरला का? आता टालिलिनचा दोरा कापा, फक्त ६८६ मिलिमीटर. आणि आपल्या नेरळ-माथेरानच्या झुकझुकगाडीचा त्याहूनही लहान, ६१० मिलिमीटर. अशा अरुंद रेल्वेला नॅरो गेज म्हणतात. रूळ जवळजवळ असले की डोंगर कमी फोडावा लागतो, खर्च कमी येतो आणि गाडी अवघड वळणंही सहज घेते.

आता इंजिनाच्या पोटात डोकावू या. एका बाजूला भट्टी. तिच्यात कोळसा धगधगतो. भट्टीतली गरम हवा आणि धूर कितीतरी नळ्यांमधून पुढे जातात, आणि त्या नळ्यांभोवती असतं बॉयलरमधलं पाणी. पाणी उकळतं, त्याची वाफ होते. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत वाफ झाली, तर ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते! पण बॉयलरमध्ये तेवढी जागा कुठली? वाफ कोंडते, भिंतींना ढकलू लागते. ड्रायव्हर तिला वाट मोकळी करून देतो. ती सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्याला ढकलते. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. दट्ट्या पुढे-मागे होतो, त्याला जोडलेला दांडा चाक फिरवतो. काम संपलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते, झुक!

दोन सिलिंडर, प्रत्येकात दोन धक्के. म्हणजे चाकाच्या एका फेरीत किती वेळा झुक? चार! झुक-झुक-झुक-झुक, झाली एक फेरी. कान देऊन मोजलंत तर इंजिन न बघताही चाक किती वेळा फिरलं ते सांगता येईल.

आणखी एक खुबी बघा. धुराड्यातून वेगानं निघणारी ही वाफ आपल्याबरोबर धूरही ओढून नेते. मग भट्टीत ताजी हवा आपोआप खेचली जाते आणि निखारे फुलतात. चढ आला, इंजिनाला जास्त जोर लावावा लागला, की झुकझुकही जोरात आणि आगही जोरात. इंजिन जितकं दमतं, तितका स्वतःचाच भाता जास्त मारतं!

आणि हो, धुराड्यावरचा तो पांढराशुभ्र ढग म्हणजे वाफ नव्हे बरं का. खरी वाफ डोळ्यांना दिसत नाही. चहाची किटली उकळताना लांबूनच नीट बघा. तोटीच्या अगदी तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते, पांढरा ढग त्याच्या पुढे सुरू होतो. त्या 'रिकाम्या' जागेत खरी वाफ असते. पुढे ती थंड होते, तिचे बारीक थेंब होतात, आणि ते आपल्याला दिसतात.

आता गोष्टीकडे वळू. वर्षं गेली. १९४६ च्या डिसेंबरात खाणीचा काही भाग कोसळला आणि खाण बंद पडली. दगडच नाही, तर गाडी कशाला? पण रेल्वेचे मालक सर हेडन जोन्स यांनी ठरवलं होतं, मी आहे तोवर गाडी चालणार. १९५० च्या जुलैत ते वारले. तोवर रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजले होते, रूळ गवतात बुडाले होते. टालिलिन इंजिन तर काही वर्षांपूर्वीच थकून शेडमध्ये जाऊन बसलं होतं.

तेव्हा टॉम रोल्ट नावाचे एक लेखक आणि इंजिनिअर पुढे आले. १९५० च्या ऑक्टोबरात त्यांनी बर्मिंगहॅम शहरात सभा घेतली. लोक म्हणाले, आपण सगळे मिळून ही रेल्वे चालवू या. पगार नको, सुट्टीच्या दिवशी येऊ, फावडं हाती घेऊ. आणि १४ मे १९५१ ला गाडी पुन्हा निघाली. हौशी स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातली पहिली रेल्वे. त्या पूर्ण उन्हाळ्यात गाड्या कुणी ओढल्या ठाऊक आहे? ८५ वर्षांच्या एकट्या डोलगॉखनं!

तसं मदतीला आणखी दोन इंजिनं आणली होती. शेजारची कॉरिस रेल्वे बंद पडली होती, तिचीच ही इंजिनं. तिचंही गेज ६८६ मिलिमीटर. पण त्यातलं एक इंजिन इथे आलं की घसरायचं. असं का बरं? शोध घेतला तर कळलं, इथले रूळ एकमेकांपासून अर्धा इंच जास्त दूर ठेवले होते, आणि तेही मुद्दाम! टालिलिन इंजिनाची पुढची आणि मागची चाकं एकमेकांपासून दूर आहेत. लांब बाकडं जिन्याच्या वळणावर अडकतं ना, तसं ते रुळांच्या वळणावर अडकू नये, म्हणून ही युक्ती. पाहुण्याची चाकं मात्र अरुंद, ती रुळांच्या मधे पडायची. दुसऱ्या इंजिनाला लीड्स शहरातल्या हन्स्लेट कारखान्यानं एक पैसाही न घेता दुरुस्त करून दिलं. १९५८ मध्ये टालिलिनही बरं होऊन परतलं. थॉमस इंजिनाच्या गोष्टी लिहिणारे पाद्री ऑड्री इथे हौसेनं गार्ड म्हणून काम करत. त्यांच्या गोष्टीतलं 'स्कार्लोई' म्हणजे हेच आपलं टालिलिन.

पण म्हातारं इंजिन बरं करतात कसं? आधी ते पूर्ण सुटं करायचं. बॉयलर काठोकाठ पाण्यानं भरायचा आणि पंपानं पाण्याचा दाब नेहमीपेक्षा वर न्यायचा. वाफेनं का नाही? हवेचा फुगा फुटला की 'फट्ट', आणि पाण्याचा फुटला की नुसतं पाणी सांडतं. तसंच आहे हे. कोंडलेली वाफ एकदम पसरते आणि स्फोट होतो. पाणी मात्र दाबलं तरी फारसं आकसत नाही, म्हणून कुठे भेग असलीच तर तिथून पाणी गळतं आणि दाब लगेच उतरतो. या परीक्षेत पास झालं की मग वाफेची परीक्षा.

पहिल्यांदा आग पेटवतानाही घाई करून चालत नाही. लोखंड तापलं की प्रसरण पावतं. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला तर पेला तडकतो ना? बॉयलरलाही तसाच ताण बसतो. म्हणून गाडी निघायच्या कितीतरी तास आधी, पहाटेच, फायरमन येतो आणि हळूहळू आग वाढवतो. आधी नुसतं पाणी कुजबुजतं. मग दाबाचा काटा हलतो. मग कुठूनतरी थेंब टपटपतात, काहीतरी फुसफुसतं. रात्रभर थंड पडलेलं लोखंड जागं होतं, आणि शिट्टी वाजते!

तुम्ही विचाराल, इतक्या दुरुस्त्या झाल्या, कितीतरी भाग बदलले, मग हे तेच इंजिन कसं? मी तुम्हाला उलट विचारते. तुमचे दुधाचे दात पडले, नवे आले. तरी तुम्ही तुम्हीच ना? संग्रहालयात उभं असलेलं इंजिन आपल्याला त्याचा आकार दाखवतं. पण आग किती हवी, वळणावर वेग किती, कुठला आवाज बरा आणि कुठला दुखण्याचा, हे शिकायचं तर इंजिन चालावं लागतं. ते चालतं तोवर ही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात जाते. ते थांबलं की विद्याही थांबते.

आणि या विद्येचा पहिला धडा कोणता? फडकं! इंजिन चालवायला शिकणारे आधी ते पुसायला शिकतात. पुसता पुसता हाताला लागतं, हा नट सैल आहे, इथे तेल गळतंय, इथे बारीक चीर दिसतेय. पुसणं म्हणजे इंजिनाची नाडी बघणं.

या रविवारी एक फडकं घ्या आणि तुमची सायकल पुसा. घाई न करता, एकेक भाग. साखळी, चाकाचे आरे, ब्रेक. सैल काय सापडलं, घासलेलं काय सापडलं, ते आम्हाला पत्रानं कळवा. टवीनच्या शेडमध्ये पहाटे आलेली शिकाऊ मंडळीही कामाची सुरुवात अशीच करतात.