ते डुक्कर कुठे वाढले?

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह पुन्हा भरले, तेव्हा आमचा गोव्याचा मित्र गावाहून येताना सॉसेजची एक लांबलचक माळ घेऊन आला. खोलीत मिरची, लसूण आणि माडाच्या व्हिनेगरचा वास दरवळू लागला. कुणी नाक मुरडले, तर कुणी तव्याची सोय बघू लागला. एकाने मात्र तोंड वाकडे करून विचारले, "काय रे, डुक्कर खातोस?" मित्र शांतपणे म्हणाला, "खातो. आमच्याच परसात वाढलेलं होतं ते. रोज संध्याकाळी मी त्याला पेज घालायचो. काल मेसमध्ये तू कोंबडी खाल्लीस ना? ती कुठे वाढली, हे तुला ठाऊक आहे?"

प्रश्न विचारणारा तर निरुत्तर झालाच, पण खरे सांगायचे तर आम्ही सारेच झालो. मांस खावे की खाऊ नये, यावर आपल्याकडे वाद पुष्कळ झाले आहेत आणि पुढेही होत राहतील. त्या वादात शिरण्याचा या लेखाचा हेतू नाही. मित्राने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. जे खातात, त्यांच्यावर त्या प्राण्याच्या जगण्याची काही जबाबदारी येते की नाही? इंग्लंड आणि युरोपात गेली साठ वर्षे या प्रश्नाची चर्चा चालू आहे आणि तिच्या केंद्रस्थानी बहुतेक वेळा डुक्करच राहिले आहे. त्या चर्चेची ओळख करून द्यावी, म्हणून हा लेखप्रपंच.

डुकराला काय हवे असते?

दशावतारात वराहाला तिसरे स्थान देणारे आपण 'डुक्कर' हा शब्द मात्र शिवी म्हणूनच अधिक वापरतो. घाणेरडे, आळशी, मठ्ठ ही त्याला लावली जाणारी विशेषणे. वास्तविक यातले एकही त्याला लागू पडत नाही. डुकराला घामाच्या वाटे अंग थंड करता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात ते चिखलात लोळते. ओला चिखल हा त्याचा पंखा आहे. पुरेशी जागा मिळाली, तर ते आपल्या झोपण्याच्या जागेपासून दूर जाऊन विष्ठा टाकते. बुद्धीचे म्हणाल, तर २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात डुकरांनी नाकाने दांडी हलवून पडद्यावरचा ठिपका हव्या त्या जागी नेऊन दाखवला. हाताऐवजी नाकाने खेळ खेळणाऱ्या या जीवाला मठ्ठ म्हणणे धाडसाचेच ठरेल.

पण सर्वांत बोलका प्रयोग त्याआधीचा, एडिंबरा येथला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या शास्त्रज्ञांनी बंदिस्त पद्धतीच्या पाळीव डुकरांना डोंगरउतारावरच्या एका कुंपणात मोकळे सोडले. तिथे झाडी होती, झुडपे होती, ओढा होता, दलदल होती. पिढ्यानुपिढ्या गोठ्यात वाढलेली ही जनावरे रानातले जगणे विसरली असतील, असे कुणालाही वाटले असते. प्रत्यक्षात ती रानडुकरासारखीच वागू लागली. दिवसाचा जवळजवळ अर्धा वेळ ती जमीन उकरण्यात आणि चरण्यात घालवीत. ओळखीच्या डुकरिणी मिळून राहत. विण्याची वेळ आली की डुकरीण कळपापासून दूर जाई, आडोशाची जागा शोधी आणि फांद्या व गवत तोंडाने वाहून आणून घरटे रची.

निष्कर्ष सरळ आहे. माणसाने डुकराचे शरीर बदलले, ते लांब केले, मांसल केले. पण त्याच्या मनाची ओढ बदलली नाही. उकरणे, हिंडणे, सोबत आणि घरटे या त्याच्या गरजा आहेत. यांना चैन म्हणता येणार नाही.

कारखान्यातील डुकरीण

आता दुसरे चित्र पाहू. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत मांस स्वस्त आणि मुबलक करण्याची चढाओढ लागली. डुकरे शेतातून गोठ्यात आली आणि गोठ्याचा कारखाना झाला. गाभण डुकरिणीला लोखंडी गजांच्या खोड्यात उभे करण्याची पद्धत रूढ झाली. हा खोडा साधारण दोन फूट रुंद आणि सात फूट लांब असतो. डुकरिणीचा गर्भकाळ तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस, म्हणजे सुमारे ११४ दिवसांचा. एवढा काळ तिला उठता येते, बसता येते, पण वळता येत नाही. आपली स्वतःची शेपटी तिला दिसत नाही. खाली काँक्रीट किंवा फटींची जमीन, आणि उकरायला काहीच नाही. मग ती समोरचा गज चावत राहते, रिकाम्या तोंडाने चघळत राहते. विण्याआधी तिला दुसऱ्या पिंजऱ्यात हलवतात. तिथे गवताची काडीही नसताना ती पायाने जमीन खरवडते आणि नसलेले घरटे रचू पाहते.

पिल्लांची कथा वेगळी नाही. निसर्गात ती तीन-चार महिन्यांपर्यंत आईला पीत राहतात. कारखान्यात तीन ते चार आठवड्यांत त्यांना तोडतात. दाटीवाटीत, करायला काही नसलेली पिल्ले एकमेकांच्या शेपट्या चावतात. त्यावर उपाय काय, तर शेपटीच आधी कापून टाकायची! रोगाचे कारण तसेच ठेवून लक्षण कापण्याचा हा प्रकार आहे.

न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शेतकरी काही राक्षस नसतो. डुकरिणी एकत्र ठेवल्या की भांडतात, दांडगी डुकरीण गरिबाचे अन्न खाते. खोड्यात प्रत्येकीला मोजून खाऊ घालता येते. विण्याच्या पिंजऱ्यालाही कारण आहे. दोनशे किलोंहून अधिक वजनाची आई बसताना एखादे पिल्लू चिरडते, ते पिंजऱ्यामुळे टळते. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांना अन्य उत्तरेही आहेत. भरपूर पेंढा, ऐसपैस जागा, प्रत्येकीला वेगळे खाण्याची सोय, कडेला पिल्लांना निसटायला आडोसा आणि शांत स्वभावाच्या डुकरिणींची निवड. या उत्तरांना जागा लागते, कष्ट लागतात, आणि म्हणून पैसे लागतात. सारा पेच इथे आहे.

पुस्तक, समिती, कायदा

१९६४ साली रूथ हॅरिसन या इंग्रज बाईंनी 'अ‍ॅनिमल मशीन्स' हे पुस्तक लिहिले. प्राण्यांना यंत्र समजणाऱ्या शेतीवरचा तो पहिला मोठा आघात. त्याला प्रस्तावना होती रेचल कार्सन यांची. लोकक्षोभ एवढा झाला की सरकारला प्राध्यापक ब्रँबेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. १९६५च्या अहवालात समितीने मागितले ते किती थोडे होते पाहा. जनावराला उठता, बसता, वळता, अंग साफ करता आणि हातपाय ताणता यावेत, एवढेच. याच विचारातून पुढे १९७९ साली 'पाच स्वातंत्र्ये' आकाराला आली. ती अशी: भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व रोग आणि भय यांपासून मुक्ती, तसेच आपल्या स्वभावानुसार वागण्याची मोकळीक. तत्त्वज्ञानाच्या तासाला आपण बेंथॅम शिकतो. प्राण्याला विचार करता येतो का, यापेक्षा त्याला दुःख होते का, हे महत्त्वाचे, असे त्याने अठराव्या शतकातच सुचवले होते. ते कायद्यात उतरायला दोन शतके लागली.

स्वीडनने १९८८ साली प्राणीरक्षणाचा कडक कायदा केला. त्यामागे मुलांच्या लाडक्या लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन यांची लेखणी होती. ब्रिटनने १ जानेवारी १९९९ पासून गाभण डुकरिणींचे खोडे पूर्ण बंद केले. युरोपीय संघाने २०१३ पासून ते मर्यादित केले. रेतनानंतरचे पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा आठवडा वगळता डुकरिणी कळपातच हव्यात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या मतदारांनी २०१८ साली ठरवले की प्रत्येक डुकरिणीला किमान २४ चौरस फूट जागा मिळाली नसेल, तर ते मांस राज्यात विकताच येणार नाही. मांस-उत्पादक न्यायालयात गेले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

ब्रिटनचा धडा

इथवर वाचून कुणाला वाटेल की प्रश्न सुटला. तसे नाही. ब्रिटनचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे.

१९९९ साली ब्रिटिश शेतकऱ्याने खोडे मोडले, नवे गोठे बांधले. पण बाजाराची दारे उघडी होती. ज्या देशांत खोडे चालू होते, तिथले स्वस्त मांस दुकानात येत राहिले आणि ग्राहक किंमत पाहून तेच उचलीत राहिला. बंदीच्या बाजूने बोलणारा माणूस आणि बंदी नसलेल्या देशाचे बेकन विकत घेणारा माणूस पुष्कळदा एकच होता! पुढच्या दशकभरात ब्रिटनमधील पैदाशीच्या डुकरिणींची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. कारणे अनेक होती. पौंड महाग होता, भाव कोसळले होते, २००० साली डुकरांचा ताप आणि २००१ साली लाळ-खुरकुताची साथ आली. पण एक कारण हेही होते की समाजाने चांगुलपणाचा ठराव केला आणि त्याचे बिल एकट्या शेतकऱ्याच्या हाती दिले. क्रौर्य नाहीसे झाले नाही. त्यातले काही नुसते समुद्रापलीकडे गेले.

कॅलिफोर्नियाने उत्पादनाबरोबर विक्रीवरही अट घातली, तिचे महत्त्व यामुळे ध्यानात येते. आणि जिथे अशी अट नाही, तिथे उरतो तो ग्राहकाचा विवेक.

चिठ्ठी वाचावी कशी?

विवेकाला माहिती लागते. ब्रिटनच्या दुकानात पाकिटावर जे शब्द असतात, त्यांचे अर्थ नीट समजून घेतले पाहिजेत. 'आउटडोअर ब्रेड' म्हणजे पिल्लू उघड्यावर, छोट्या खोपटात जन्मले, पण आईपासून तोडल्यावर गोठ्यात गेले. 'आउटडोअर रीअर्ड' म्हणजे साधारण अर्धे आयुष्य बाहेर. 'फ्री रेंज' म्हणजे जन्मापासून अखेरपर्यंत बाहेर. 'ऑरगॅनिक' म्हणजे त्याहून कडक नियम. नुसते हिरवे कुरण आणि हसरे डुक्कर छापलेले असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की कंपनीने चित्रकाराला पैसे दिले.

ब्रिटनमध्ये सुमारे चाळीस टक्के डुकरिणी आज उघड्यावर वितात, ही मोठी गोष्ट आहे. पण विण्याचा पिंजरा तिथे अजून कायद्याने बंद नाही. युरोपात नियमितपणे शेपट्या कापण्यास मनाई असूनही बहुतेक देशांत त्या कापल्या जातात. तेरा लाखांहून अधिक नागरिकांनी पिंजरे बंद करा म्हणून सह्या केल्या आणि २०२१ साली युरोपीय आयोगाने २०२३ पर्यंत कायद्याचा मसुदा आणण्याचे वचन दिले. ती मुदत तशीच टळून गेली. म्हणून ग्राहकाने विचारायचे प्रश्न तीनच: आई कुठे व्याली? पिल्लाला पेंढा होता का? शेपटी शाबूत होती का? ताज्या मांसाइतकेच बेकन, सॉसेज आणि उपाहारगृहातील सँडविच यांबद्दलही हे विचारावे, कारण निनावी मांस तिथेच खपते. चांगले महाग पडते, हे खरे. त्यावर साधा उपाय म्हणजे कमी वेळा खावे, पण चांगले खावे.

आणि आपण?

आपल्याकडे चित्र उलटे आहे. २०१९च्या पशुगणनेप्रमाणे भारतात सुमारे ९० लाख डुकरे आहेत, आणि त्यांत आसाम आघाडीवर आहे. गावाच्या कडेला हिंडणारे आपले डुक्कर खोड्यात नसते, तेव्हा ते सुखी म्हणावे काय? मोकळे असणे म्हणजे सुखी असणे नव्हे. ते गटारात पोट भरते. उघड्यावरच्या माणसाच्या विष्ठेतून त्याच्या अंगात पट्टकृमी शिरतो आणि तो फेरा फिरून माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतो. डुकराचे आरोग्य असे आपल्या संडासाशी बांधलेले आहे.

शिवाय डुकराबरोबर माणूसही हिणवला जातो. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) या चित्रपटाचे नावच कैकाडी भाषेतील 'डुक्कर' या अर्थाचा शब्द आहे. डुकरामागे धावणाऱ्या कुटुंबाला गाव हसते, तो प्रसंग ज्याने पाहिला, त्याला वेगळे सांगायला नको. जनावराकडे आणि त्याला पाळणाऱ्याकडे तुच्छतेने पाहणारा समाज त्यांच्या कल्याणाचे नियम कधीच मनापासून पाळणार नाही. १९६०च्या आपल्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात, जनावराला हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. कायदा आहेच, उणीव आहे ती आस्थेची. उद्या आपल्याकडे मोठे वराहपालन प्रकल्प वाढतील, तेव्हा इतरांनी जे खोडे मोडले, ते आपण नव्याने उभारू नयेत, एवढे शहाणपण तरी आपण त्यांच्याकडून घ्यावे.

त्या रात्री सॉसेज तळले गेले. ज्यांना खायचे होते त्यांनी पावाबरोबर खाल्ले, ज्यांना नको होते त्यांनी चहा घेतला. प्रश्न विचारणारा मित्र दुसऱ्या दिवशी मेसच्या मामांना विचारत होता, "मामा, कोंबड्या कुठून आणता हो?" मामा हसले, म्हणाले, "बाजारातून, आणखी कुठून?" मित्राचे समाधान झाले नाही. विचार करण्याची सुरुवात बहुधा अशाच न झालेल्या समाधानातून होते.

– तृतीय वर्ष कला (तत्त्वज्ञान)