दिवे मंद, पाणी कोमट

आज आम्ही आमची एक फजिती सांगणार आहोत. त्या फजितीत आमचे पैसे गेले, पण शिकायला मिळालं ते तुमच्या गिझरला, हीटरच्या रॉडला, विहिरीवरच्या मोटारीला आणि पिठाच्या गिरणीलाही लागू पडेल.

आमच्या गटात आम्ही दहाजणी. शेतावर दोन खोल्या बांधून शहरातल्या पाहुण्यांना राहायला देतो. पिठलं-भाकरी, चुलीवरचा चहा, शिवारात फेरी. पाहुणे विचारायला लागले, थंडीत गरम पाण्याचा टब असला तर बरं. कर्ज काढून आम्ही वापरलेला टब घेतला. पाणी मावतं ४०० लिटर. त्याला ३००० वॅटचा हीटर आणि पाणी फिरवायला एक छोटी मोटार. विकणाऱ्याने सांगितलं, अडीच-तीन तासांत पाणी गरम होतं.

पहिल्या शनिवारी दुपारी चारला टब सुरू केला. रात्री नऊ वाजले तरी पाणी कोमटच. खोल्यांतले दिवे पिवळे पडलेले, मोटार घूंऽऽ करत होती. साडेनऊला जळका वास आला आणि मोटार बंद पडली. पाणी फिरायचं थांबलं तसा हीटर आपोआप कटला, नाहीतर तोही गेला असता. पाहुणे म्हणाले, "जाऊ द्या ताई, होतं असं." पण आमचा जीव कर्जाच्या हप्त्यात अडकला होता.

सोमवारी वायरमनदादांना बोलावलं. त्यांनी संध्याकाळी सात वाजता प्लगमध्ये मीटर लावला. काटा १६० व्होल्टवर. आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची धरतात आणि वस्तूवर लिहिलेले वॅटही त्याच हिशेबाने असतात. दादा म्हणाले, "टब खराब नाही. त्याला पोटभर मिळत नाही."

आता हे व्होल्ट म्हणजे काय? गावातली नळयोजना आठवा. टाकीजवळच्या घरात नळ जोरात येतो आणि शेवटच्या आळीत करंगळीएवढी धार. व्होल्टेज म्हणजे तो दाब. डीपीपासून लांब, बारीक तार, सैल जोड, आणि संध्याकाळी सगळ्यांचे पंखे, मोटारी, गिरणी एकदम चालू. मग शेवटच्या घरी दाब उरत नाही.

टबात दोन यंत्रं असतात, हीटर आणि मोटार. कमी दाबाला दोघं अगदी उलटी वागतात. एवढं समजलं की बाकी सगळं सोपं आहे.

आधी हीटर. दाब कमी झाला की त्यातून वाहणारी वीजही तेवढ्याच प्रमाणात कमी होते. उष्णता मिळते ती या दोन्हींच्या गुणाकारातून. म्हणून दाब निम्मा झाला तर उष्णता निम्मी नाही, निम्म्याची निम्मी होते. रुपयाचे चार आणे. २३० च्या जागी १६० व्होल्ट आले की ३००० वॅटचा हीटर साधारण १४५० वॅटच देतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. २००० वॅटचा गिझर ९७० वर येतो आणि १५०० वॅटचा रॉड ७२५ वर.

अमेरिकेत बऱ्याच घरांत असे टब असतात. तिथे साध्या प्लगला १२० व्होल्ट आणि मोठ्या यंत्रांना २४० व्होल्ट मिळतात. दोन्हींवर चालणारे टबही तिथे मिळतात. त्यातला ४००० वॅटचा हीटर १२० वर लावला की १००० वॅटच देतो. तिथले लोक ते धरूनच चालतात: आदल्या दिवशीच टब सुरू करतात आणि झाकण काढत नाहीत. आपण मात्र विकणाऱ्याच्या तीन तासांवर विसंबलो.

गिझरचा हिशेब करून पाहा. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायचं. २३० व्होल्टला २००० वॅटचा गिझर ते साधारण १६ मिनिटांत करतो, १६० ला ३२ मिनिटं लागतात. युनिट मात्र जवळपास तेवढेच पडतात, अर्ध्या युनिटाच्या आसपास. तेव्हा दाब कमी असताना गिझर बिघडत नाही आणि बिलही फारसं वाढत नाही. वेळ तेवढा दुप्पट लागतो.

मग आमच्या टबाचं पाणी पाच तासांतही का तापलं नाही? कारण टब उघडा होता. तळाला भोक पडलेला हंडा मोठ्या धारेखाली धरला तर भरतो. धार बारीक झाली की एका उंचीवर येऊन थांबतो, जेवढं पाणी येतं तेवढंच गळतं. उघड्या पाण्याची वाफ होऊन उष्णता निघून जाते, थंडीत आणि वाऱ्यात तर फारच. आमचा हीटर अर्ध्यावर आला होता. तो देत होता त्यातली बरीचशी उष्णता वाफेवाटे जात होती. दहा तास ठेवला असता तरी पाणी कोमटच राहिलं असतं.

आता मोटार. तिचं काम ठरलेलं असतं, पाणी ढकलायचं. दाब कमी झाला म्हणून पाणी हलकं होत नाही. अर्धपोटी बैलाला तीच गाडी ओढायला लावावी तसं होतं. मोटार मंदावते आणि काम रेटायला जास्त वीज ओढते. ही जादा वीज गुंडाळीत उष्णता करते. वीज २० टक्के जास्त ओढली तर गुंडाळीतली उष्णता ४४ टक्के वाढते. त्यात फिरणं मंदावल्याने मोटारीचा स्वतःचा पंखाही कमी वारा घालतो. गुंडाळीवरचा वार्निशचा थर जळतो, वास येतो आणि रिवाइंडिंगचा खर्च बोडक्यावर बसतो. आमचं तसंच झालं. विहिरीची मोटार, पिठाची गिरणी, फ्रिज, या सगळ्यांत हाच धोका. सुरू होताना तर मोटारीला सगळ्यात जास्त जोर लागतो. बटण दाबल्यावर ती नुसती गुणगुणली आणि फिरली नाही, तर लगेच बंद करा. "थोडा वेळ थांबू, घेईल उचल," असं म्हणू नका.

म्हणून पहिला नियम: दिवे मंद झाले की हीटर चालला तर चालू द्या, मोटार बंद करा. टबासारखं यंत्र असेल तर दोन्ही बंद करा, कारण पाणी फिरल्याशिवाय त्यातला हीटर चालवणं धोक्याचं.

आम्हाला त्या काळात तीन सल्ले मिळाले. तिन्ही चुकीचे होते.

पहिला सल्ला, आणखी एक हीटर बसवा. म्हणजे आगीतून फुफाट्यात. ३००० वॅटचे दोन हीटर १६० व्होल्टला १८ अँपिअर ओढणार, त्यामुळे दाब आणखी पडणार. रात्री अकराला गावाचे दिवे मालवले, दाब २३० वर आला, की तेच हीटर २६ अँपिअर ओढणार. वायर आणि प्लग तेवढ्याला नसतील तर पेटतील, आणि तेव्हा आपण झोपेत.

दुसरा सल्ला, मोठा स्टॅबिलायझर. स्टॅबिलायझर वीज तयार करत नाही. आपल्याला २३० व्होल्ट द्यायला तो तारेतून जास्त वीज ओढतो. २००० वॅटच्या गिझरला एरवी पावणेनऊ अँपिअर लागतात, १६० व्होल्टवर स्टॅबिलायझर लावला तर तारेतून साडेबारा ओढले जातील. आपलं पाणी तापेल आणि शेजारणीचा दिवा आणखी मंद होईल. फ्रिजला स्टॅबिलायझर ठीक, पाणी तापवायला नको.

तिसरा सल्ला सगळ्यात वाईट, दोन फेजवर जोडा. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. आज पडलेला असेल, पण तो केव्हा वर येईल याचा नेम नाही. घरातल्या वस्तू तर जळतीलच, माणूसही जाईल.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी या तिन्ही सल्ल्यांची गत. खरं काम दुसरीकडेच होतं. आम्ही केलं ते सांगतो.

टबाला झाकण केलं. जाड थर्माकोल, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक. खर्च थोडा, उपयोग सगळ्यात मोठा. तुमच्या रॉडच्या बादलीचं पाणी तापलं की प्लग काढा, रॉड बाहेर घ्या आणि बादलीवर लगेच ताट ठेवा. आजीच्या बंबालाही झाकण होतं, उगाच नव्हतं.

तापवायची वेळ बदलली. आमच्याकडे दुपारी बारा ते चार २२० व्होल्ट मिळतात. तेव्हा तापवतो आणि झाकून ठेवतो. गिझर असेल तर जेवणानंतर दुपारीच तापवा. चांगल्या गिझरचं पाणी संध्याकाळपर्यंत गरम राहतं.

वायर बदलली. आधी मीटरपासून टबापर्यंत ३० मीटर १ एमएमची वायर होती. तेवढ्या लांबीच्या १ एमएम तांब्याच्या वायरीत २००० वॅटचा गिझर लावला तरी साडेनऊ व्होल्ट वाटेतच जातात. अडीच एमएमच्या वायरीत चारच जातात. टबाचा हीटर त्याहून मोठा, म्हणून वायरमनदादांनी ४ एमएम घातली आणि जळलेला जोड काढला. प्लग गरम लागत असेल तर समजा, तिथे दाबही जातो आणि आगही लागू शकते.

मोटारीला व्होल्टेज प्रोटेक्टर लावला. दाब १८० च्या खाली गेला की मोटार बंद, वर आला की थोडं थांबून सुरू. रिवाइंडिंगपेक्षा तो स्वस्त पडतो.

अर्थिंग तपासून घेतलं आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला. अंगातून वीज जमिनीत जायला लागली की तो क्षणात वीज तोडतो. मैत्रिणींनो, दाब कमी आहे म्हणून शॉक कमी बसत नाही. १६० व्होल्टही जीव घेतात. रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. पाणी तापलं का हे बघताना गेलेल्या बायका आपण सगळ्यांनी ऐकल्या आहेत.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. एका घरात दिवे मंद आणि शेजारच्या घरात एकदम भगभगीत, असं झालं तर बहुतेक डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल सुटलेला किंवा सैल असतो. तेव्हा मेन स्विच बंद करा, शेजारी सांगा आणि वीज कंपनीला कळवा. खांबावर आपल्यापैकी कोणी चढू नये.

आता राहिला शेवटच्या घराचा दाब. तो आपल्या वायरीने येणार नाही, तो मागून घ्यावा लागतो. आम्ही एक वही केली. तारीख, वेळ, व्होल्ट. सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात, असं पंधरा दिवस. व्होल्टेज दाखवणारा छोटा प्लग दुकानात मिळतो. आळीतल्या नऊ घरांनी तसंच लिहिलं. मग १९१२ वर तक्रार केली, तक्रार क्रमांक वहीत लिहिला, आणि वहीच्या नकला जोडून लेखी अर्ज दिला. "लाईट कमी येते" असं तोंडी सांगितलं की साहेब "बघतो" म्हणतात. सात वाजता १६०, पंधरा दिवस, नऊ घरं, हे कागदावर आलं की बघावंच लागतं. तरीही दाद मिळाली नाही, तर २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे ग्राहकांसाठी गाऱ्हाणे निवारण मंच आहे. तिथे जाता येतं.

आमच्याकडे माणसं आली, डीपीवरचे जोड घट्ट केले, आमच्या आळीचा भार दुसऱ्या फेजवर वाटला. संध्याकाळी आता १९५ पर्यंत येतात. २३० नाहीत, पण मोटार गुणगुणत नाही. मोठ्या डीपीचा अर्ज अजून पडून आहे. वही चालूच आहे.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने सात दिवसांचे आकडे आणायचे. आकडे एकत्र मांडले की कळेल, कोणाच्या घरात वायरीचं काम आहे आणि कुठे सगळ्या आळीने मिळून अर्ज करायचा. आमच्या टबाचं म्हणाल तर मागच्या शनिवारी पाहुणे आले, पाणी ३८ अंश होतं. हप्ता वेळेवर भरला.