साताऱ्याच्या छावणीतला कॅमेरामन

सिनेमा हा आमच्या घरातला रोजचा विषय नाही. पण गेल्या ईदच्या सुट्टीत अब्बांनी हट्ट धरला आणि आम्ही सगळे मिळून जुना ‘महल’ पाहायला बसलो. ओसाड हवेली, अंधारात झुलणारा झोका, मधुबालाच्या चेहऱ्यावर पडलेला थोडासा उजेड. धाकटीने विचारले, “अब्बू, हा उजेड नेमका कुठून येतो?” उत्तर द्यायचे म्हणून आम्ही सुरुवातीची नावे पुन्हा लावली. छायालेखक म्हणून नाव होते जोसेफ विर्शिंग.

नाव परदेशी वाटले म्हणून शोध घेतला, तर हा माणूस आमच्या अगदी जवळ निघाला. आम्ही साताऱ्यात लहानाचे मोठे झालो आणि आता सांगलीत शिकवतो. हे विर्शिंगसाहेब दुसऱ्या महायुद्धात साताऱ्यातच नजरकैदेत होते. हे आम्हाला कुणी कधी सांगितले नव्हते.

विर्शिंग यांचा जन्म १९०३ मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरात झाला. तिथल्या एमेल्का स्टुडिओत ते कॅमेऱ्याचे काम शिकले. १९२५ मध्ये गौतम बुद्धांच्या जीवनावरील ‘प्रेम संन्यास’ या मूकपटासाठी हिमांशू राय यांच्याबरोबर जी जर्मन मंडळी हिंदुस्थानात आली, त्यांत बावीस वर्षांचे विर्शिंग होते. दिग्दर्शक होते फ्रांत्स ओस्टेन.

१९३४ मध्ये हिमांशू राय आणि देविका राणी यांनी मुंबईजवळ मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. त्या वेळी त्यांनी ओस्टेन आणि विर्शिंग यांना पुन्हा बोलावून घेतले. ‘जवानी की हवा’ (१९३५), ‘अछूत कन्या’ (१९३६), ‘भाभी’ (१९३८), ‘कंगन’ (१९३९) ही तिथली काही कामे. ‘अछूत कन्या’चे नायक अशोक कुमार आधी त्याच स्टुडिओच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. लेखक, नट, संगीत सगळे इथले आणि कॅमेऱ्यामागे जर्मन, असा तो कारखाना होता.

आता धाकटीच्या प्रश्नाकडे येऊ. कृष्णधवल चित्रात रंग नसतात. काळे केस आणि काळोखी भिंत एकमेकांत मिसळून जातात. म्हणून चेहऱ्यावर एक मुख्य दिवा ठेवतात. दुसऱ्या, मंद दिव्याने सावल्या थोड्या सौम्य करतात. तिसरा दिवा पाठीमागून लावतात. त्याने केसांच्या आणि खांद्यांच्या कडेला उजेडाची रेघ उमटते आणि माणूस भिंतीपासून सुटून उभा राहतो. यातला दुसरा दिवा कमी केला की सावल्या गडद होतात आणि पाहणाऱ्याला भीती वाटू लागते. सावलीला असे बोलते करणे जर्मन चित्रपटांनी १९२० च्या सुमारास चांगलेच साधले होते. विर्शिंग यांनी ती कला मालाडला आणली आणि इथल्या मुलांना शिकवली.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. इंग्रज सरकारच्या लेखी इथला प्रत्येक जर्मन शत्रू ठरला. त्याने काय केले, हे विचारायची गरजच उरली नाही. जन्म कुठला, एवढे पुरले. बॉम्बे टॉकीजच्या जर्मन मंडळींना कामावरून उचलण्यात आले. अहमदनगर, देवळाली, डेहराडून आणि सातारा अशा छावण्यांतून विर्शिंग यांची वर्षे गेली. वयाची तिशी उलटून गेलेली, हात कामावर बसलेला, आणि नेमका त्याच वेळी कॅमेरा सुटला. इकडे १९४० मध्ये हिमांशू राय वारले. ओस्टेन जर्मनीला परतले, ते पुन्हा आले नाहीत.

पण शिकवलेले वाया जात नाही. विर्शिंग कैदेत असतानाच, १९४३ मध्ये, बॉम्बे टॉकीजचा ‘किस्मत’ आला आणि कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून अधिक चालला. त्याचे छायालेखक आर. डी. परींजा त्याच स्टुडिओत तयार झालेले होते. उस्ताद छावणीत होता, तरी शागिर्दाचा हात चालू होता. आम्हा शिक्षकांना हे वाचून बरे वाटते.

युद्ध संपले, सुटका झाली. ज्या मुलुखाने कोंडून ठेवले त्याच्यावर राग धरून विर्शिंग निघून गेले असते, तरी कुणी नावे ठेवली नसती. ते इथेच राहिले. १९४९ च्या ‘महल’पासून कमाल अमरोही यांच्याशी त्यांची जोडी जमली. पुढे ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) झाला आणि मग ‘पाकीज़ा’. हे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. कृष्णधवलचे रंगीत झाले, मग पडदा रुंद झाला. झुंबरे, जाळीदार पडदे, कोठीवरची बेगमी रोषणाई हे सगळे म्युनिकच्या माणसाने टिपले. कोठीचे जीवन कसे दाखवावे, यावर आमच्या घरात मतभेद आहेत आणि राहतील. पण त्या उजेडातली अदब कुणी नाकारत नाही.

‘पाकीज़ा’ पुरा होण्याआधीच, जून १९६७ मध्ये, विर्शिंग मुंबईत वारले. उरलेले काम इतर छायालेखकांनी पुरे केले. फेब्रुवारी १९७२ मध्ये मराठा मंदिरात चित्रपट लागला, तेव्हा पडद्यावर छायालेखक म्हणून त्यांचेच नाव झळकले. त्यांनी जपून ठेवलेली शेकडो छायाचित्रे घरच्यांनी सांभाळली आणि अलीकडे ती प्रदर्शनांतून लोकांसमोर आली.

दरवर्षी आम्ही नववी-दहावीला दुसरे महायुद्ध शिकवतो. फळ्यावर दोन रकाने काढतो, एकीकडे मित्रराष्ट्रे, दुसरीकडे शत्रुराष्ट्रे. मुले पटापट लिहून घेतात. यंदा रकाने पुरे झाल्यावर आम्ही साताऱ्याच्या छावणीतल्या या कॅमेरामनची गोष्ट सांगितली आणि विचारले, “याला कुठल्या रकान्यात घालायचे?” वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, आधी त्याचे काम बघू या.”

शनिवारी, शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांच्या परवानगीने आम्ही मुलांना ‘महल’चा पहिला भाग दाखवला.